हेडफोनची वाट आधी: मिक्स्स आणि साध्या कंट्रोलरवर डीजेइंग

“मावशी, यातून आवाजच येत नाही,” म्हणत भाच्याने त्याचा कंट्रोलर माझ्या हातात ठेवला. दोन चाकं, गाण्याचा वेग बदलणारे दोन पिच फेडर, मधे एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारा आडवा क्रॉसफेडर, वर नॉबच्या रांगा. यूएसबी लावली की सगळे दिवे लागायचे. बिघाड काहीच नव्हता. त्या यंत्रात आवाज बाहेर काढणारं साउंड कार्ड नव्हतं, एवढंच. तो हेडफोन लावायची जागा शोधत होता आणि ती त्या यंत्राला दिलेलीच नव्हती. त्याने दुसरा घेतला, हा माझ्याकडे राहिला, आणि गेली सात वर्षं रात्री घर झोपल्यावर मी याच्यावरच वाजवते.

त्या संध्याकाळी जे कळलं तेच आधी सांगते, कारण नव्याने सुरुवात करणारे बरेच जण इथे अडतात. कंट्रोलर म्हणजे एका अर्थी कीबोर्डच. गाणं त्याच्यातून वाहत नाही. तुम्ही नॉब फिरवता, तो संगणकाला एक आकडा पाठवतो, आणि आवाजावरचं सगळं काम संगणकातलं सॉफ्टवेअर करतं. काही कंट्रोलरांच्या पोटात साउंड कार्डही बसवलेलं असतं, पण ती जोडीला दिलेली वेगळी गोष्ट आहे. आता डीजेचं काम बघा: लोक एक गाणं ऐकत असतात तेव्हा त्याच्या कानात पुढचं गाणं वाजत असतं. म्हणजे संगणकातून दोन स्वतंत्र वाटा बाहेर पडायला हव्यात, एक स्पीकरकडे जाणारी आणि एक हेडफोनकडे. ही दुसरी वाट आधी नीट बांधा. बाकीचं मागाहून सुधारता येतं.

सॉफ्टवेअर मी वापरते ते मिक्स्स. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी तीन एक्स येतात, शोधताना तसंच लिहा. २००१ मध्ये एका पीएचडीच्या संशोधनातून ते सुरू झालं, जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ते मोफत आहे याचं मोल आहेच, पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: कोणत्या बटणाने काय व्हावं हे त्यात साध्या मजकुराच्या फायलींमध्ये लिहिलेलं असतं. ती फाइल उघडून वाचता येते, बदलता येते. साध्या यंत्राच्या बऱ्याचशा खोडी तिथेच काढता येतात. एक मर्यादा मात्र आधीच माहीत असू द्या. स्ट्रीमिंग सेवांवरची गाणी यात वाजत नाहीत. तुमच्याकडे गाण्यांच्या फायली हव्यात. एमपी३, फ्लॅक, ऑग, वेव्ह, एएसी सगळं चालतं.

कंट्रोलर घेताना

पहिला प्रश्न एकच विचारा: यात चार चॅनलचं ऑडिओ आउटपुट आहे का? चॅनल १-२ स्पीकरसाठी, ३-४ हेडफोनसाठी. यंत्राच्या फोटोत हेडफोनचं चिन्ह आणि मागे स्पीकरकडे जाणारे आरसीए जोड दिसत असतील तर बहुधा आहे. नावावर विसंबू नका. न्यूमार्कचे मिक्सट्रॅक ३ आणि मिक्सट्रॅक प्रो ३ लांबून सारखेच दिसतात, पण साउंड कार्ड फक्त प्रोमध्ये आहे. पायोनियरचा डीडीजे-२०० साउंड कार्डाशिवाय येतो. हर्क्युलीसचा इनपल्स २०० लहानसा असूनही त्यात साउंड कार्ड आहे, न्यूमार्कच्या हातभर डीजे२गो२ मध्येसुद्धा आहे.

दुसरं, मिक्स्सच्या मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या कंट्रोलरांची यादी आहे, ती घेण्याआधी बघा. यादीत नसलेलं यंत्रही चालू शकतं, पण मॅपिंग, म्हणजे कोणत्या बटणाने काय व्हावं ती फाइल, तुम्हाला स्वतः लिहावी लागेल.

तिसरं, जॉग व्हीलचा, म्हणजे त्या चाकाचा, वरचा भाग स्पर्श ओळखतो का ते बघा. पॅड किती रंगांत उजळतात, डेक (एक गाणं चढवायची जागा) दोन की चार, या गोष्टींवर पहिल्या वर्षी अजिबात जीव टाकू नका. मला अजूनही दोनच डेक पुरतात. वापरलेला कंट्रोलर घेत असाल तर प्रत्येक फेडर सावकाश वरपासून खालपर्यंत सरकवा आणि पडद्यावरचा फेडर मधेच उडी मारतो का ते पाहा. क्रॉसफेडर सगळ्यात आधी झिजतो.

साउंड कार्ड नसेल तर

दोन उपाय आहेत आणि दोन्ही मी वापरलेत.

पहिला, स्प्लिटर केबल. एका टोकाला स्टिरिओ पिन, दुसऱ्या टोकाला दोन मोनो जोड. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकचे डावा आणि उजवा असे दोन चॅनल ती वेगळे करते. प्रेफरन्सेसमध्ये साउंड हार्डवेअर उघडा, आउटपुटमध्ये मुख्य आवाज मोनो करून चॅनल १ वर आणि हेडफोन चॅनल २ वर पाठवा. स्टिरिओ जातं, पण दोन्ही वाटा एकाच कार्डातून निघत असल्याने एकमेकींशी अगदी जुळून चालतात. सरावाला हे उत्तम. घेताना मात्र जपून: एक हेडफोन जॅक दोघांना वाटून देणारी केबल दिसायला अशीच असते, आणि ती दोन्हीकडे तोच आवाज देते.

दुसरा, बोटाएवढं यूएसबी साउंड कार्ड. लॅपटॉपचा जॅक स्पीकरला, यूएसबी कार्ड हेडफोनला. दोन्हीकडे पूर्ण स्टिरिओ. पण दोन कार्डांना दोन घड्याळं असतात आणि कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. समजा दर दहा लाखांत पन्नासचा फरक असला, तर तासाभरात ०.१८ सेकंदाचं अंतर पडतं. मिक्स्समध्ये यासाठी मल्टी-साउंडकार्ड सिंक्रोनायझेशन नावाचा पर्याय आहे. तो मुळात जसा निवडलेला असतो तसाच ठेवा. त्याने थोडा उशीर वाढतो, पण आवाज तुटत नाही. हेडफोन आणि स्पीकर मागेपुढे वाटले तर त्याच पानावर मुख्य आवाज आणि हेडफोन यांना वेगवेगळा डिले देता येतो.

ब्लूटूथ हेडफोन या कामाला घेऊ नका. कानात पोचणारा आवाज इतका मागे राहतो की ठोके जुळवणं अशक्य होतं.

बफर

त्याच पानावर ऑडिओ बफर आहे. संगणक आवाज तुकड्या-तुकड्यांनी पुढे पाठवतो आणि बफर म्हणजे त्या तुकड्याची लांबी. ४४,१०० हर्ट्झवर १०२४ नमुन्यांचा तुकडा २३ मिलीसेकंदांचा होतो, ५१२ चा साधारण साडेअकरा, २५६ चा सहाच्या आसपास. तुकडा लहान तितका हाताचा आणि आवाजाचा मेळ घट्ट, पण संगणकाला दमही तितकाच कमी मिळतो. वेळेत तुकडा तयार झाला नाही की ‘कट्’ असा आवाज येतो, आणि त्या पानावर बफर अंडरफ्लोचा आकडा एकाने वाढतो. तो आकडाच तुमचा मार्गदर्शक. २३ पासून सुरू करा, दोन गाणी एकत्र वाजवा, नवीन गाणं डेकवर चढवा, दहा मिनिटं थांबा. आकडा शून्यच राहिला तर एक पायरी खाली या. माझा लॅपटॉप जुना आहे, तो साडेअकरावर खूश असतो. स्क्रॅचिंग करणार नसाल तर २३ सुद्धा चालून जातं.

तरीही कटकट आवाज येत असेल तर कीलॉकचं, म्हणजे वेग बदलला तरी स्वर तोच ठेवणाऱ्या सोयीचं, इंजिन बदलून साउंडटच करा, ते रबरबँडपेक्षा हलकं आहे. वेव्हफॉर्मचा, म्हणजे पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखाचा, फ्रेम रेट कमी करा. लॅपटॉपची वीजबचत बंद करा. विंडोजवर शक्य असेल तिथे एएसआयओ हा कमी उशिराचा ऑडिओ ड्रायव्हर निवडा.

मॅपिंग: इथे वेळ घाला

कंट्रोलर लावून मिक्स्स सुरू केलं की प्रेफरन्सेसच्या कंट्रोलर विभागात त्याचं नाव दिसतं. यादीतून मॅपिंग निवडा, ‘एनेबल्ड’ वर खूण करा, झालं. मिडी आणि एचआयडी या कंट्रोलरने संगणकाशी बोलायच्या दोन पद्धती. लिनक्सवर मिडीऐवजी एचआयडी पद्धतीचं यंत्र असेल आणि ते दिसतच नसेल, तर बहुतेक वेळा परवानगीचा प्रश्न असतो आणि मिक्स्ससोबत येणारा यूडेव्ह नियम, म्हणजे यंत्र वापरायची परवानगी देणारी छोटी फाइल, बसवला की सुटतो.

मॅपिंग नसेल तर लर्निंग विझार्ड आहे. पडद्यावरच्या बटणावर क्लिक करायचं, मग कंट्रोलरवरचं खरं बटण दाबायचं, की जोडी जुळते. प्ले, क्यू (गाण्यातल्या खूण केलेल्या जागी नेणारं बटण), व्हॉल्यूम, तीन ईक्यू (खालचा, मधला, वरचा आवाज कमी-जास्त करणारे नॉब), हेडफोनचं बटण आणि पिच एवढं दोन्ही डेकसाठी शिकवायला मला अर्धा तास लागला होता. त्या दिवशी मी ‘सॉफ्ट टेकओव्हर’ या पर्यायाकडे दुर्लक्ष केलं आणि त्याची किंमत मोजली. दोन गाणी आपोआप वेग जुळवणाऱ्या सिंक बटणाने जुळवली होती. सॉफ्टवेअरने वेग बदलला, पण माझ्या हाताखालचा फेडर होता तिथेच होता. मी त्याला नुसता धक्का लावला आणि चालू गाण्याचा वेग एकदम खाली कोसळला. समोर बसलेल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. सॉफ्ट टेकओव्हर चालू असेल तर तुमचा फेडर सॉफ्टवेअरच्या आकड्याला ओलांडेपर्यंत त्याची हालचाल मोजलीच जात नाही. पिच, व्हॉल्यूम आणि ईक्यू, तिन्हींना तो लावा.

आता पिच फेडर. साधे कंट्रोलर मिडीचा एक आकडा पाठवतात, ० ते १२७. मिक्स्समध्ये वेगाची कक्षा मुळात ८ टक्के असते, म्हणजे उणे ८ ते अधिक ८, एकूण १६. त्याला १२७ ने भागा: एका पायरीला ०.१२६ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण १२८ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांच्या, गाण्यात ही एक पायरी म्हणजे मिनिटाला सुमारे ७५ मिलीसेकंद. तुम्हाला हवा तो वेग दोन पायऱ्यांच्या बरोबर मधे पडला तर निम्मी चूक राहतेच, आणि मिनिटाभरात ठोके फाटलेले कानाला कळतात. कित्येक महिने मला वाटत होतं की माझाच कान कच्चा आहे. मग हा हिशेब केला, प्रेफरन्सेसमध्ये डेकच्या विभागात कक्षा ४ टक्क्यांवर आणली, आणि पायरी अर्ध्यावर आली. त्या रात्री दोन गाणी पहिल्यांदा मिनिटभर एकत्र राहिली. काही कंट्रोलर दोन मिडी आकडे जोडून १४ बिटांची किंमत पाठवतात, त्यांना १६,३८४ पायऱ्या मिळतात आणि हा प्रश्न उरत नाही.

चाकाची खोड अशीच निघते. मॅपिंगच्या दोन फायली असतात: एक एक्सएमएल, तिच्यात कोणतं बटण कशाला जोडलंय ते, आणि एक जावास्क्रिप्ट, तिच्यात चाकासारख्या गुंतागुंतीच्या गोष्टी. कंट्रोलर विभागातून वापरकर्त्याचं मॅपिंग फोल्डर उघडता येतं. मूळ फायली आधी तिथे कॉपी करा आणि प्रतीतच बदल करा, नाहीतर पुढच्या अपडेटमध्ये तुमची मेहनत पुसली जाईल. स्क्रिप्टमध्ये ‘स्क्रॅचएनेबल’ शोधा. त्याला दिलेला दुसरा आकडा म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात किती खुणा मोजल्या जातात, तिसरा म्हणजे तबकडीचा वेग, बहुधा मिनिटाला ३३⅓ फेरे. या वेगाने एक फेरा १.८ सेकंदांचा होतो. चाकाच्या कडेला कागदी पट्टी चिकटवा, गाणं थांबवून ठेवा, चाकाच्या माथ्यावर बोट ठेवून बरोबर एक फेरा फिरवा आणि गाणं किती पुढे सरकलं ते बघा. १.८ सेकंदांपेक्षा जास्त सरकलं तर खुणांचा आकडा वाढवा, कमी सरकलं तर घटवा. फाइल सेव्ह केली की मिक्स्स ती लगेच पुन्हा वाचतं, बंद-चालू करावं लागत नाही. माझ्या मॅपिंगमध्ये तिथे १२८ होते, मी वाढवत वाढवत जवळपास दुप्पट केले. तेव्हापासून चाक हाताला खरं वाटायला लागलं.

गाण्यांची तयारी

गाण्यांचं फोल्डर लायब्ररीत जोडा आणि सगळ्यांचं अॅनालिसिस एकदाच, रात्रभर चालवून घ्या. वाजवताना ते होऊ देऊ नका. यात बीपीएम, ठोक्यांची जाळी म्हणजे बीटग्रिड, स्वर आणि आवाजाची पातळी निघते.

बीपीएमवर डोळे झाकून विश्वास नको. ७० चं गाणं १४० दाखवलं जाणं रोजचं आहे. बीपीएमच्या मेनूत दुप्पट, निम्मं, दोन तृतीयांश, तीन चतुर्थांश असे पर्याय आहेत, एका क्लिकचं काम. तीन मात्रांच्या अंगाने जाणाऱ्या गाण्यात दोन तृतीयांश उपयोगी पडतं. दुरुस्त झालं की बीपीएमला कुलूप लावा. माणसांनी समोरासमोर बसून वाजवलेल्या जुन्या ध्वनिमुद्रणांची लय श्वासासारखी कमी-जास्त होते. तिथे एकसारखी जाळी बसवण्याचा हट्ट सोडा आणि ती गाणी हातानेच जुळवा.

मग प्रत्येक गाण्याची सम शोधून तिथे क्यू लावा. पहिला आवाज आणि सम एकच असतील असं नाही, बऱ्याच गाण्यांना छोटा उठाव असतो. मी एका वहीत गाण्याचं नाव, सम कुठे, गाणारा आवाज कधी सुरू होतो आणि शेवटी नुसता ठेका किती वेळ आहे, एवढं लिहिते. मिक्स्समध्ये इंट्रो-आउट्रोच्या खुणा आणि एका बटणाने हव्या जागी नेणारे रंगीत हॉटक्यू आहेत, पण हाताने लिहिलेलं डोक्यात राहतं. गाणी क्रेटमध्ये, म्हणजे मिक्स्समधल्या गाण्यांच्या गटांत, लावताना मी प्रकारानुसार लावत नाही. ‘सुरुवातीला’, ‘भर मध्यात’, ‘उतरताना’ असे क्रेट करते.

दोन गाणी जुळवणं

सिंक बटण आहे आणि ते वापरण्यात कमीपणा नाही. पण पहिले दोन महिने त्याला हात लावू नका, कारण बीटग्रिड चुकली की सिंकही चुकतं, आणि त्या क्षणी वाचवतो तो कान.

१२४ च्या आसपासची, सरळ ठेक्याची दोन गाणी घ्या. पहिलं स्पीकरवर. दुसऱ्याचा व्हॉल्यूम फेडर तळाशी, त्याचं हेडफोनचं बटण चालू. हेडफोन एकाच कानावर. पहिल्या गाण्याच्या मात्रा मोजा, एक-दोन-तीन-चार, आणि नव्या ‘एक’ वर दुसरं सोडा. सुरुवातीला नुसतं हे सोडणंच वीस वेळा करा. मी पाय आपटत मोजायचे.

आता ऐका. दोन ठोके एकावर एक बसले तर एकच जाड ठोका ऐकू येतो. सरकले तर ‘ट-टक्’ असं दुहेरी. कोण पुढे, कोण मागे हे सुरुवातीला कुणालाच कळत नाही. म्हणून चाकाच्या कडेला हलकाच पुढचा धक्का द्या. दुहेरीपणा वाढला तर दुसरं गाणं आधीच पुढे होतं, उलट धक्का द्या. जुळलं की हात काढा आणि तीस सेकंद थांबा. पुन्हा फाटलं, आणि पुन्हा पुढेच ढकलावं लागलं, तर वेग कमी पडतोय: पिच फेडरने किंचित वाढवा. ज्या दिशेला ढकलावं लागतं त्याच दिशेला वेग न्यायचा, एवढं लक्षात ठेवलं की झालं. पडद्यावरचे वेव्हफॉर्म झाका. मी त्यांच्यावर वही उभी करायचे. डोळे उत्तर आधी सांगतात आणि कान आळशी होतो.

जुळल्यावर दुसऱ्याचा खालचा ईक्यू, म्हणजे बास, पूर्ण बंद ठेवून फेडर वर न्या. दोन गाण्यांचे बास एकत्र वाजले की नुसता गढूळ गडगडाट होतो, म्हणून एका वेळी एकाचाच. बदल कुठे करायचा? गाणी बहुधा आठ किंवा सोळा आवर्तनांच्या टप्प्यांनी पुढे जातात. चार-चार मात्रांची सोळा आवर्तनं म्हणजे ६४ ठोके, १२४ बीपीएमला सुमारे ३१ सेकंद. दुसरं गाणं पहिल्याच्या टप्प्याच्या सुरुवातीला सोडा, आणि पुढच्या टप्प्याच्या समेवर पहिल्याचा बास काढून दुसऱ्याचा द्या, दोन्ही हात एकदम. नीट बसलं तर ऐकणाऱ्याला बदल कळत नाही, फक्त खोलीतली हवा बदलल्यासारखी वाटते. सात वर्षं झाली, तरी तो क्षण आला की मी अजून डोळे मिटते.

पहिलं गाणं बाहेर काढण्याची घाई करू नका, पण दोन गाणारे आवाज एकमेकांवर चढू देऊ नका. स्वर जुळणारी गाणी निवडली तर लांब मिश्रण गोड लागतं. कीलॉक बंद असेल तर ६ टक्के वेग वाढवल्यावर स्वर अर्ध्या सुराने चढतो, हेही ध्यानात असू द्या.

पातळी आणि ध्वनिमुद्रण

मुख्य मीटर लाल होऊ देऊ नका. आवाज कमी वाटला तर स्पीकरचा वाढवा, मिक्स्सचा नको. फाटलेला आवाज पुढे कुठेच दुरुस्त होत नाही. गाणं सुरू करण्याआधी हेडफोनमध्ये ऐकतानाच त्याचा गेन, म्हणजे मुळातली आवाजाची पातळी, चालू गाण्याच्या मीटरइतका करून घ्या.

प्रत्येक सराव रेकॉर्ड करा. मिक्स्समध्ये त्याचं बटण आहे. ते लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी चालताना ऐका. वाजवताना ज्या चुकीने जीव घाबरा होतो ती ऐकताना सापडतही नाही, आणि ज्याकडे लक्ष नव्हतं ते बाहेर येतं. माझ्या बाबतीत ते म्हणजे नवीन गाणं फार लवकर पूर्ण आवाजात आणणं. ही सवय मोडायला मला सात-आठ रेकॉर्डिंगं लागली.

लोकांसमोर वाजवण्याआधी

मिक्स्सचं सेटिंगचं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. विंडोजवर ते लोकल अॅपडेटाच्या आत असतं, लिनक्सवर होम फोल्डरमध्ये डॉट-मिक्स्स नावाने लपलेलं. तुमचे क्यू, क्रेट, दुरुस्त केलेले बीपीएम, मॅपिंग, सगळं त्यात असतं. वायफाय, ब्लूटूथ, अपडेट, स्क्रीनसेव्हर बंद. कंट्रोलर थेट लॅपटॉपच्या यूएसबीत लावा, स्वतःची वेगळी वीजजोडणी नसलेल्या हबमध्ये नको. केबल जादा ठेवा आणि लावलेली केबल टेबलाच्या पायाला सैल गाठीने बांधा, कुणाचा पाय अडकला तरी जोड निघणार नाही.

स्पीकर लांब असतील तर त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत उशिरा येतो. दहा मीटरना साधारण २९ मिलीसेकंद. तो आवाज आणि हेडफोन यांच्यात ठोके जुळवले तर समोरच्यांना ते फाटलेले ऐकू येतील. अशा वेळी हेडफोनचा मिक्स नॉब मध्यावर आणा. दोन्ही गाणी कानातच एकत्र ऐकू येतात, दोघांना सारखाच उशीर लागतो, आणि तिथे जुळलेलं बाहेरही जुळलेलंच असतं.